केमो लागू पडेल का, हे रक्त सांगेल? : ऑस्टिओसार्कोमाच्या बायोमार्करची नव्वद वर्षं



बायोमार्करवरच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं : "या आजारासाठी विश्वासार्ह रक्त-मार्कर अजून उपलब्ध नाही, म्हणून हे संशोधन आवश्यक आहे." माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले, "का नाही?" मी गडबडलो. "नाही" हे मला माहीत होतं, पण "का नाही" हे मी वाचलंच नव्हतं. ते शोधताना जो इतिहास हाती लागला तो आज सांगतो. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी विषय पक्का करण्याआधी तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग मुख्यतः वाढीच्या वयातल्या मुलामुलींना होतो. गाठ बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास असते, म्हणजे जिथे हाड सर्वांत झपाट्यानं वाढतं तिथे. आज जगात अनेक ठिकाणी उपचारांचा क्रम असा असतो : साधारण १० आठवडे केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा काही महिने केमो. मुख्य औषधं तीन. मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाला इजा होऊ शकते, सिस्प्लॅटिनमुळे ऐकू येणं कमी होऊ शकतं. ज्या मुलाचं आयुष्य अजून पुढे पडलंय, त्याच्यासाठी ही किंमत लहान नाही.

औषध गाठीवर चाललं की नाही, हे नक्की कळतं ते शस्त्रक्रियेनंतर. म्हणजे पहिले १० आठवडे आपण बऱ्याच अंशी अंदाजानंच औषध देत असतो. मग साहजिक प्रश्न येतो की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थोडं रक्त घेऊन हे आधीच सांगता येईल का? प्रश्न रास्त आहे. मात्र तो नवा नाही.

हाडातलं एन्झाइम रक्तात सापडलं

गोष्ट सुरू होते १९२३ साली, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये. हाड कडक कसं होतं हे शोधताना रॉबर्ट रॉबिसन यांना वाढत्या हाडात एक एन्झाइम मिळालं, जे फॉस्फेटच्या संयुगांतून फॉस्फेट मोकळं करतं. आज आपण त्याला अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणतो. लॅबच्या रिपोर्टवर ते एएलपी म्हणून येतं. १९३०च्या सुमारास एच. डी. के यांनी दाखवलं की हाडांच्या काही आजारांत हे एन्झाइम रक्तातही वाढलेलं दिसतं. पाठोपाठ हाडाच्या गाठी असलेल्या रुग्णांमध्ये ते मोजायला सुरुवात झाली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेलन वूडर्ड या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी एक्स-रेमध्ये गाठ कशी दिसते आणि रक्तात फॉस्फेटेज किती आहे, याची सांगड घालून पाहिली.

जी गाठ स्वतः कच्चं हाड तयार करते तिच्यात हाड बनवणाऱ्या पेशींचे गुण असतात, म्हणून ती एएलपी जास्त सोडते. तर्क सरळ होता आणि तो चुकीचाही नव्हता. १९३८ मध्ये गटमन दांपत्यानं प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ॲसिड फॉस्फेटेज दाखवलं, त्याच सुमाराची ही गोष्ट. रक्तातल्या एन्झाइमवरून गाठ ओळखण्याची कल्पना त्या दशकात जोरात होती.

पण त्या वेळी "केमो लागू पडेल का" हा प्रश्नच नव्हता, कारण केमोच नव्हती. पाय कापायचा आणि वाट बघायची. बहुतेकांच्या फुप्फुसात रोग पुढे दिसायचाच आणि वाचणारे पाचात एकाहूनही कमी असायचे. त्या काळातल्या एएलपीनं सांगितलं ते एवढंच : रोग किती आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

केमो आली आणि कंट्रोलचा वाद आणला

१९७४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन पेपर आले. जाफी आणि सहकाऱ्यांनी मोठ्या मात्रेतलं मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या विषारी परिणामातून शरीराला सोडवणारं ल्युकोव्होरिन वापरलं होतं. कोर्टेस आणि सहकाऱ्यांनी डॉक्सोरुबिसिन वापरलं होतं. दोन्हींत रोग परत येण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी दिसलं.

"पूर्वीपेक्षा" हा शब्द मात्र नडला. तुलना जुन्या रुग्णांशी होती, त्याच वेळी केमोशिवाय ठेवलेल्या रुग्णांशी नव्हती. मेयो क्लिनिकच्या मंडळींनी शंका काढली की मधल्या काळात शस्त्रक्रिया आणि तपासण्याच सुधारल्या असतील, मग श्रेय केमोला कसं द्यायचं? वाद इतका वाढला की शेवटी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागले. मायकेल लिंक आणि सहकाऱ्यांच्या १९८६ च्या पेपरमध्ये फक्त ३६ रुग्ण अशा प्रकारे विभागलेले होते. दोन वर्षांनी रोग परत न आलेल्यांचं प्रमाण केमोशिवाय १७ टक्के आणि केमोसह ६६ टक्के निघालं. वाद तिथे संपला.

आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. शेजारी तुलनेचा गट नसेल तर दिसणारा फरक औषधाचा, काळाचा की निवडीचा, हे सांगता येत नाही. बायोमार्करवाल्यांनी हा धडा पुढे पुन्हा पुन्हा विसरून दाखवला.

९० टक्क्यांची मोजपट्टी

याच दशकात मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये जेराल्ड रोझेन आणि त्यांचे सहकारी पाय न कापता फक्त गाठीचं हाड काढून तिथे धातूचं कृत्रिम हाड बसवू लागले. ते हाड प्रत्येक रुग्णासाठी मापानं बनवावं लागायचं आणि त्याला दोन-तीन महिने लागायचे. तोवर रुग्णाला नुसतं थांबवून कसं ठेवायचं? म्हणून केमो शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू केली. आजच्या १० आठवड्यांच्या मुळाशी अशी एक व्यवहारी अडचण आहे.

त्यातून एक अनपेक्षित फायदा झाला. केमो घेतलेली अख्खी गाठ पॅथॉलॉजिस्टच्या हातात येऊ लागली. अँड्र्यू हुवोस यांनी तिचे पद्धतशीर काप घेऊन किती भाग मेलाय आणि किती जिवंत आहे हे मोजायला घेतलं. त्यांच्या चार पायऱ्या आजही वापरात आहेत. व्यवहारात मात्र एकच रेषा उरली : ९० टक्के किंवा त्याहून जास्त गाठ मेलेली असेल तर "चांगला प्रतिसाद", नाहीतर "कमी प्रतिसाद". ढोबळमानानं निम्मे रुग्ण इकडे, निम्मे तिकडे. चांगला प्रतिसाद देणारे जास्त जगतात, हे पुढे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलं.

रोझेन यांनी पुढची उडी घेतली. प्रतिसाद कमी दिसला तर शस्त्रक्रियेनंतर औषध बदलायचं. त्यांच्या टी-१० योजनेचे १९८२ मधले आकडे फार आशादायक होते. पण त्याच रुग्णालयानं १९९२ मध्ये जास्त काळाच्या नोंदी छापल्या, तेव्हा औषध बदलल्याचा फायदा टिकलेला दिसला नाही.

एएलपी आणि एलडीएच : खरं बोलणारे, पण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देणारे

आता रक्ताकडे परत येऊ. १९७९ मध्ये थॉर्प, रायली आणि रोझेनबर्ग यांनी केमो घेणाऱ्या रुग्णांत एएलपी तपासलं. सुरुवातीला ते वाढलेलं असेल तर रोग परत येण्याचा धोका जास्त, असं त्यांना दिसलं. नंतर बोलोन्याच्या रिझोली इन्स्टिट्यूटमध्ये गाएतानो बाच्ची यांनी वर्षानुवर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवून एएलपी आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, म्हणजे एलडीएच, या दोन्हींचा भावी परिणामाशी संबंध दाखवला. निदानाच्या वेळीच रोग पसरलेल्यांमध्ये हे आकडे जास्त सापडतात, हेही पुढे आलं.

मग अडलं कुठे? इथेच बायोमार्करच्या विद्यार्थ्यानं थांबावं. "पुढे काय होईल" आणि "हे औषध चालेल का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर देणाऱ्याला आपण प्रोग्नॉस्टिक मार्कर म्हणतो, दुसऱ्याचं देणाऱ्याला प्रेडिक्टिव्ह.

शेतातलं उदाहरण घ्या. वावरात तण किती माजलंय हे बांधावरून दिसतं आणि त्यावरून पीक किती हातचं जाईल याचा अंदाजही येतो. पण बाजारातून आणलेलं तणनाशक त्या तणावर चालेल का, हे तण किती आहे यावरून कळत नाही. त्यासाठी ते कोणत्या जातीचं आहे हे बघावं लागतं. एएलपी आणि एलडीएच आपल्याला तण किती आहे ते सांगत होते. पेपरांच्या शीर्षकांतून मात्र ते औषध चालेल का हे सांगतात असा समज पसरत गेला.

त्यात मोजमापाचे गोंधळ वेगळेच.

पहिला गोंधळ वयाचा. वाढत्या मुलाचं एएलपी मोठ्या माणसाच्या कितीतरी पट असू शकतं आणि तेही अगदी निरोगी मुलाचं. हा आजार नेमका त्याच वयात होतो. वय आणि लिंगानुसार मर्यादा न लावता "वाढलेलं" म्हटलं तर आपण गाठ मोजतोय की उंची वाढणं मोजतोय, कळत नाही.

दुसरा गोंधळ एएलपी येतं कुठून याचा. हाडाखेरीज यकृतातूनही ते येतं आणि मेथोट्रेक्सेटनं यकृतावर ताण पडतो. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात, त्यानंही एएलपी आणि एलडीएच दोन्ही वर जातात. शस्त्रक्रियेनंतर हाड भरून येताना एएलपी वाढतं ते आणखी वेगळं. म्हणजे केमो चालू असताना आकडा हलला तर कारणं चार असू शकतात आणि त्यांतलं गाठीचं फक्त एक.

तिसरा गोंधळ नमुन्याचा. एलडीएच लाल पेशींत भरपूर असतं. रक्त काढताना सुई नीट लागली नाही किंवा नळी जोरात हलली आणि पेशी फुटल्या, की एलडीएच वाढलंच म्हणून समजा. जुन्या नोंदी वापरून काम करणार असाल तर कोणता नमुना फुटलेला होता हे बहुधा कुठे लिहिलेलं नसतं.

मोजपट्टीच डळमळली तेव्हा

आता या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा. रक्ताच्या मार्करची परीक्षा आपण घेतो ती हुवोसच्या ९० टक्क्यांशी ताडून. पण त्या ९० टक्क्यांवरून निर्णय घेतल्यानं रुग्णाचं भलं होतं का?

हे बघण्यासाठी युरोप आणि अमेरिकेतल्या गटांनी एकत्र येऊन युरामॉस-१ ही चाचणी उभी केली. १७ देश, २००५ ते २०११ आणि २,२६० नोंदणीकृत रुग्ण. इतक्या विरळ आजारासाठी हे काम प्रचंड होतं. प्रतिसाद कमी असलेल्या ६१८ जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं. एका गटाला तीच तीन औषधं पुढे चालू ठेवली, दुसऱ्याला त्यांसोबत इफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड दिलं. निकाल २०१६ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला. रोग परत येण्याच्या बाबतीत दोन गटांत फरक नाही, दुसऱ्या गटाला त्रास मात्र जास्त.

म्हणजे गाठीचा स्वतःचा, सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेला प्रतिसाद खरा होता. तो पुढचं भाकीतही बरोबर सांगत होता. पण त्या माहितीवर काय करायचं हे आपल्याकडे नव्हतं. वावरातलं तण या तणनाशकाला दाद देत नाही हे कळलं, पण दुसरं तणनाशक हाताशी नव्हतं. आणि अख्खी गाठ कापून मिळालेल्या माहितीनं जे साधलं नाही, तीच माहिती रक्तातून काही आठवडे आधी मिळाली तर काय साधेल? गाईडच्या "का नाही?" चं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. मार्कर सापडले नाहीत हे एक कारण झालं. सापडले असते तरी त्यांच्यावर बेतलेला निर्णय तयार नव्हता, हे दुसरं. सिनॉप्सिसमध्ये आपण नेहमी पहिलंच लिहितो.

नवी यंत्रं, जुने खड्डे

२०००नंतर यंत्रं बदलली. रक्तातली शेकडो प्रथिनं एका झटक्यात बघणारं मास स्पेक्ट्रोमीटर आलं. २००२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगावर लॅन्सेटमध्ये आलेल्या एका पेपरनं जवळपास अचूक निदानाचा दावा केला आणि सगळीकडे उत्साह पसरला. २००४ मध्ये कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी तीच सार्वजनिक माहिती पुन्हा तपासली, तेव्हा नमुने कसे आणि कधी हाताळले याचाच फरक रोग म्हणून मोजला गेला असावा असं दिसलं. ऑस्टिओसार्कोमातही प्लाझ्मातल्या प्रथिनांवरून केमोचा प्रतिसाद ओळखण्याचे प्रयत्न झाले. पण रुग्ण थोडे आणि प्रथिनं शेकडो, असंच ते गणित राहिलं.

मग मायक्रो-आरएनए आले. इथे एक साधा हिशोब करून बघा. ४० रुग्णांच्या सीरममध्ये ३०० मायक्रो-आरएनए मोजले आणि प्रत्येकाला ०.०५ ची मर्यादा लावली, तर काहीच खरं नसतानाही सरासरी १५ मार्कर "सार्थ" निघतील. त्यांतले चार निवडून पेपर लिहिता येतो. पुढचा गट वेगळे चार निवडतो. याद्या लांबत जातात आणि रुग्णाच्या फाइलमध्ये मात्र एएलपी आणि एलडीएचच राहतात.

आता आशा आहे ती गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएवर. त्याची एक बाजू खरोखर भक्कम आहे. हा डीएनए रक्तात जेमतेम एक-दोन तास टिकतो, त्यामुळे तो आजची स्थिती सांगतो. गाठीच्या स्वतःच्या खुणा त्यात असतात, म्हणून यकृत आणि वाढतं वय यांचा गोंधळ टळतो. पण ऑस्टिओसार्कोमाची अडचण अशी की युइंग सार्कोमासारखी बहुतेक रुग्णांत सापडणारी ठरावीक जनुकजोडणी इथे नाही. इथे अख्खी गुणसूत्रं तुटून वेडीवाकडी जोडलेली असतात. म्हणून एका जागी बघण्यापेक्षा पूर्ण जीनोमवर हलकी नजर टाकून कुठला भाग वाढलाय, कुठला घटलाय हे बघावं लागतं. २०१८ मध्ये शुलमन आणि सहकाऱ्यांनी हे करून ७२ रुग्णांपैकी ५७ टक्क्यांत असा डीएनए दाखवला. तो सापडलेल्यांचा पुढचा परिणाम वाईट होता.

ओळखीचं वाटलं ना? हेही प्रोग्नॉस्टिकच. यंत्र नवं, पण उत्तर पुन्हा तण किती आहे याचंच. पुढचं पाऊल म्हणजे केमो सुरू झाल्यावर ठरावीक दिवशी तो किती घटतो हे मोजणं. तिथे खरं काम बाकी आहे आणि तिथेही नमुन्याचा जुना खड्डा आहेच. साध्या ईडीटीए नळीत रक्त बराच वेळ पडून राहिलं तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा डीएनए विरून जातो.

आपल्याकडे बघताना

एक गोष्ट भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी. मोठ्या मात्रेतलं मेथोट्रेक्सेट द्यायचं तर रक्तातली त्याची पातळी वारंवार मोजावी लागते, रुग्णाला दाखल ठेवावं लागतं आणि खर्च वाढतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये त्याशिवायची योजना वापरली आणि छापली गेली आहे. ओजीएस-१२ या नावानं ती ओळखली जाते आणि तिच्यात डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि इफॉस्फामाइड ही औषधं आहेत. म्हणजे युरोपात मेथोट्रेक्सेट घेतलेल्या रुग्णांवर सिद्ध झालेला प्रेडिक्टिव्ह मार्कर इथे जसाच्या तसा चालेल असं धरता येत नाही. तो मार्कर त्या औषधापुरता असतो. प्रोग्नॉस्टिक मार्करचं तसं नाही, तो बहुधा कुठेही चालून जातो. "हा मार्कर कोणत्या औषधाबद्दल बोलतोय?" असं विचारल्यावर उत्तर आलं नाही तर तो प्रेडिक्टिव्ह नाही, असं खुशाल समजा.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

मी माझं ते पहिलं वाक्य खोडलं. त्या जागी चार प्रश्नांची उत्तरं लिहायला बसलो आणि त्याला दोन महिने लागले. माझा मार्कर रोग किती आहे हे मोजतोय की औषधाचा परिणाम? त्याची परीक्षा मी कशाशी ताडून घेणार, ९० टक्क्यांशी की रुग्ण किती जगला याच्याशी? वय, यकृत, जी-सीएसएफ आणि नमुन्याची हाताळणी यांचा हिशोब मी कुठे ठेवलाय? आणि उत्तर "औषध चालणार नाही" असं आलं, तर डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं काय वेगळं करतील?

चौथ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त अडलो. आज माझं प्रामाणिक उत्तर असं आहे : लगेच काही नाही. पण नवं औषध चाचणीसाठी येईल तेव्हा ते कोणाला द्यायचं आणि चालतंय की नाही हे १० आठवडे न थांबता कसं बघायचं, यासाठी असा मार्कर लागेल. त्यासाठी नमुने आत्तापासून नीट, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या नळीत जमा व्हायला हवेत. माझं काम तेवढंच आहे. सिनॉप्सिसमध्ये ते फार भारी दिसलं नाही, पण मंजूर झालं.

तुमचा विषय वेगळा असेल, आजार वेगळा असेल. तरी "अजून उपलब्ध नाही" असं लिहिलंत की त्याखाली स्वतःच पेन्सिलीनं "का नाही?" लिहून बघा. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.